बाटलीतल्या ‘निष्क्रिय’ घटकांचे काय?

तारापूर औद्योगिक वसाहतीचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा स्फोट, आग आणि प्रदूषणापुरतेच. पण बोईसरला लागून असलेल्या या वसाहतीत औषधांची मूलद्रव्येही तयार होतात. त्या मूलद्रव्याचे औषध होते ते इतर घटकांच्या आधाराने. आणि नेमके तेच घटक आपल्या चर्चेत कधी नसतात.

लहान मुलाला दिले जाणारे पातळ पॅरासिटामॉल घ्या. सस्पेन्शनमध्ये औषध विरघळलेले नसते. त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि हळूहळू तळाशी बसतात. कणांचा आकार निम्मा केला, तर बसण्याचा वेग एक चतुर्थांशावर येतो. द्रव दाट केला, तरी तो मंदावतो. म्हणून झँथन गमसारखा डिंक घालतात. मात्र सुटे, अतिसूक्ष्म कण तळाशी असे घट्ट थापले जातात, की बाटली कितीही हलवली तरी सुटत नाहीत. मग पहिले चमचे फिके आणि शेवटचे जहाल! कण सैल झुपक्यांत राहावेत म्हणून क्षारांचे प्रमाण बेताने राखावे लागते. कण भिजावेत म्हणून घातलेले पॉलिसॉर्बेट काही परिरक्षकांचा जोर कमी करते. म्हणजे ‘निष्क्रिय’ म्हणवणारा घटक प्रत्यक्षात निष्क्रिय नसतोच. पुरवठादार बदलला, तर टिकाऊपणाची चाचणी पुन्हा घ्यायला हवी, ती यासाठी.

स्थैर्य बिघडले तर मात्रा चुकते. शुद्धता बिघडली तर जीव जातो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. तरीही २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने बालके मृत्युमुखी पडली. विष तेच, आणि या औषधांत त्याची वाट द्रावकातून.

केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये परिशिष्ट ‘एम’ कडक केले; लहान उद्योगांना २०२५ अखेरपर्यंत सवलत दिली. लहानांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण द्रावकाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी ही चैन नव्हे. कागदावरच्या प्रमाणपत्रावर विसंबण्याची किंमत कारखानदार मोजत नाही. ती मोजते चमचा हातात धरलेली आई. ‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’ असे आपण तिला सांगतो. यंत्रणेला कोण हलवणार?