थांबवा, पण वाऱ्यावर सोडू नका

साथ आली की सरकारे सर्वात आधी गरीब कामगाराची वाट अडवतात. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा फिलिपाईन्सने गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनला कामगार पाठवणे थांबवले. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे इंडोनेशियाने सगळ्याच देशांत कामगार पाठवणे स्थगित केले. त्याच महिन्यात भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद केली. ती पूर्ववत झाली 27 मार्च 2022 रोजी, म्हणजे दोन वर्षांनी. मधल्या काळात वंदे भारतची विमाने आणि मोजक्या देशांशी झालेले एअर बबल करार, एवढाच काय तो मार्ग होता.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात. माझा मामेभाऊ फेब्रुवारी 2020 मध्ये कुवेतहून सुट्टीवर आला आणि अडकला. आधी इथून विमान नव्हते. मग ऑगस्टमध्ये कुवेतने 31 देशांतून थेट प्रवेश बंद केला, त्यात भारतही होता. चौदा दिवस तिसऱ्या देशात काढा आणि मग या, असा नियम झाला. हॉटेल, तपासण्या, दोन तिकिटे, सगळा भार कामगारावर. भाभीने मेहरचे दागिने गहाण ठेवले, पण पैसे जमेपर्यंत अकामा संपला होता. नोकरी गेली, कर्ज राहिले.

बंदीच नको, असे माझे म्हणणे नाही. रोगाच्या मुलखात जाऊ नये आणि तिथे असाल तर बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला प्रेषितांपासून मिळालेली आहे. आजचे विज्ञानही वेगळे सांगत नाही. पण एकाने थांबायचे ते सगळ्यांच्या भल्यासाठी. मग त्या थांबण्याची किंमत एकट्याच्या चुलीने का मोजावी?

माणूस थांबतो, तेव्हा कर्जाचे व्याज थांबत नाही. व्हिसाची मुदत थांबत नाही. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घ्यावेत, असा नियम आहे. प्रत्यक्षात किती द्यावे लागतात ते कोकणात कोणालाही विचारा. दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाण्याआधी प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. त्यात अपघाती मृत्यू झाला तर 10 लाख रुपये मिळतात. पण सरकारनेच वाट बंद केल्यामुळे नोकरी गेली, तर बुडालेल्या पगाराचा एक रुपया मिळत नाही.

दुसरीकडे काय झाले तेही पाहू. फिलिपाईन्सने 2020 मध्ये परिचारिकांना परदेशी जाण्यापासून रोखले, नंतर वर्षाला 5 हजारांची मर्यादा घातली. त्याविरुद्ध परिचारिकांनी आवाज उठवला आणि तो रास्तच होता. पण त्याच देशाने साथीत रोजगार बुडालेल्या आपल्या परदेशी कामगारांना एकदाच का होईना, 10 हजार पेसो रोख दिले. आपल्याकडे केरळने सुट्टीवर येऊन अडकलेल्यांना 5 हजार रुपये दिले. रक्कम छोटी आहे, पण जबाबदारी आमची आहे, ही कबुली त्यात आहे.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासी, दोघेही आहेत. आपल्या जमातींनी त्या दिवसांत रेशन वाटले, औषधे दिली. मात्र जकात हे समाजाचे कर्तव्य आहे. तिच्या आडोशाने सरकारला आपले कर्तव्य टाळता येणार नाही. हा प्रश्न केवळ मुसलमानांचाही नाही. तेलंगणातला, उत्तर प्रदेशातला, बिहारमधला हिंदू मजूरही त्याच रांगेत उभा होता.

1983 च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात. बंदीचा आदेश मुदतीचा असावा आणि ठरावीक काळाने त्याचा फेरविचार व्हावा. बंदी असेपर्यंत अडकलेल्या कामगाराला निर्वाहभत्ता मिळावा आणि विम्यात बुडालेला पगारही धरला जावा. आणि कामगार घेणाऱ्या देशांशी करार करताना, साथीच्या काळात व्हिसा व अकाम्याची मुदत आपोआप वाढेल, अशी अट घालावी.

पुढची साथ कधी येईल, सांगता येत नाही. या तीन मागण्यांचे निवेदन आपापल्या आमदार-खासदारांना आजच द्या. विमानतळाचे दरवाजे पुन्हा बंद झाल्यावर आपले ऐकायला कोणी मोकळे नसेल.