पुढची पिढी : जनावरांचा डॉक्टर, माणसांशी गाठ

मंडळी, या वेळी सदराची सुरुवात ईस्ट कोस्टला राहणाऱ्या एका वाचक ताईंच्या प्रश्नानं करू या. त्या लिहितात, "मुलीला व्हेट व्हायचंय. बायोलॉजीत हुशार आहे, पण चारचौघांत तोंड उघडत नाही. हे क्षेत्र तिला बरं, नाही का? माणसांशी बोलायलाच नको!"

ताई, प्रश्न अगदी मनातला आहे, पण उत्तर नेमकं उलट आहे. मांजर काही स्वतः टॅक्सी करून दवाखान्यात येत नाही. तिला आणतो माणूस, लक्षणं सांगतो माणूस, बिल देतो माणूस, आणि ऑपरेशन करायचं की नाही हेही तोच ठरवतो. पेशंट मुका आणि मालक घाबरलेला, अशा दोघांना एकाच वेळी सांभाळायचं असतं. आता तर १ सप्टेंबर २०२४ पासून एचडीबीच्या घरातही रीतसर मांजर पाळता येतं, म्हणजे ही माणसं वाढणारच.

आधी व्यवहाराचं बोलू. सिंगापुरात पशुवैद्यकाची पूर्ण पदवी मिळत नाही. टॅम्पिनीसच्या टेमासेक पॉलिटेक्निकमध्ये व्हेटरनरी टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे, पण डॉक्टर व्हायचं तर बाहेर जावं लागतं. आपल्या जवळचं म्हणजे पर्थचं मर्डोक विद्यापीठ, तिथला अभ्यास पाच वर्षांचा. मेलबर्न, सिडनी, एडिंबरा ही नावंही पुष्कळांच्या तोंडी असतात. परत येऊन इथे काम करायचं तर एनपार्क्सच्या पशुवैद्यकीय विभागाचा परवाना लागतो आणि त्यांची मान्य पदव्यांची यादी असते. फॉर्म भरण्याआधी ती यादी पाहून घ्या.

आता मुद्द्याचं. पशुवैद्यकीय शिक्षणात हल्ली 'लीडरशिप' हा शब्द फार ऐकू येतो. आपल्याला वाटतं, लीडरशिप म्हणजे स्टेजवर भाषण, नाहीतर वर्गाचा मॉनिटर. या क्षेत्रात त्याचा अर्थ साधा आहे : समोरचा गोंधळला असताना आपण शांत राहायचं, खरं ते नीट सांगायचं, आणि आपल्याला जमत नसेल तर वेळेवर मदत मागायची.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच घ्या. मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. आज राज्यातली अशी सरकारी महाविद्यालयं नागपूरच्या 'माफसू' विद्यापीठाखाली येतात. साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात गाईबैलांमध्ये लंपी रोग दिसू लागला आणि बघता बघता राज्यभर पसरला. हजारो जनावरं गेली, बाजार बंद झाले. तेव्हा लसीकरणाच्या कामात इंटर्न विद्यार्थीही उतरले. बावीस-तेवीस वर्षांची ही मुलं. गोठ्यात उभं राहून साठीच्या शेतकऱ्याला पटवायचं, की काका, लस आजारी पडल्यावर नाही, आधीच द्यायची असते. "दूध प्यायलं तर आम्हाला होईल का हो?" या प्रश्नाला न हसता उत्तर द्यायचं, की हा रोग माणसाला होत नाही. ज्याची बैलजोडी गेली त्याच्यापाशी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. याला नेतृत्व नाही म्हणायचं तर कशाला?

आणि हे शिकवता येतं बरं का! कॅनडातलं ग्वेल्फ आणि अमेरिकेतलं कोलोरॅडो स्टेट ही विद्यापीठं यात बरीच पुढे आहेत. तिथे नट-नट्या प्राण्याचे मालक बनून येतात. कुणी चिडलेला, कुणी रडणारा, कुणी पैशांनी अडलेला. विद्यार्थी त्यांच्याशी बोलतो, त्याचं चित्रीकरण होतं, मग सगळे बसून ते पाहतात. मुख्य धडे चार : मोकळा प्रश्न विचारणं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं, समोरच्याचं दुःख ओळखून ते बोलून दाखवणं, आणि देहबोलीकडे लक्ष देणं. "जेवतोय का?" असं विचारलं की "हो" किंवा "नाही" एवढंच हाती येतं. "कालपासून काय काय झालं, सांगा" म्हटलं की अर्धं निदान मालकच सांगून जातो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पुढाकारानं पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांची नेतृत्व-शिबिरंही सुरू झाली. तिथे मार्क नसतात. गटात राहायचं, स्वतःच्या रागालोभाकडे बघायचं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडून पुढारीपण करायचं, एवढाच अभ्यास.

हे लाड नाहीत, मंडळी. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंचा सरकारी अभ्यास झाला. आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा पुरुष पशुवैद्यांत दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत साडेतीन पट निघालं. कामाचे लांबलचक तास, शिक्षणाचं कर्ज, मालकांचा राग, आणि बऱ्या न होणाऱ्या प्राण्याला आपल्याच हातानं शेवटची झोप देणं, हे सगळं मनात साचत जातं. त्यात आपली मुलं परदेशात एकटी. जो मुलगा कायम पहिला आला आणि ज्यानं "मला जमत नाहीये" हे वाक्य घरात कधी उच्चारलंच नाही, त्याची काळजी जास्त करावी.

म्हणून तयारी घरापासून हवी. तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, मुलांना खरी जबाबदारी द्या. मंडळाच्या गणपतीत एखादी कमिटी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर सोपवा आणि आपण मागे बसा. दोन-चार चुका होतील, होऊ द्यात.

दोन, प्राण्यांइतकंच माणसांत काम करू द्या. जून २०२४ मध्ये तेल सांडून ईस्ट कोस्ट पार्कचा किनारा काळा झाला, तेव्हा कितीतरी स्वयंसेवक पुढे आले. अशा कामात उत्साहाआधी सूचना ऐकाव्या लागतात, अनोळखी माणसांबरोबर जुळवून घ्यावं लागतं. एसपीसीएसारख्या संस्थेत पिंजरे धुतानाही हेच शिकायला मिळतं.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलांचा फोन आला की "परीक्षा कशी गेली?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला असू दे, "आज दिवस कसा गेला, सांग बरं." मग मध्ये न बोलता ऐका. अगदीच घुसमट वाटली तर इथे सिंगापुरात समॅरिटन्सचा १७६७ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. पर्थ-मेलबर्नला गेलेल्यांनी कॉलेजची समुपदेशन सेवा पहिल्या आठवड्यातच माहीत करून घ्यावी.

तेव्हा ताई, मुलीला जरूर व्हेट होऊ द्या. अबोल असणं हा दोष नाही, अबोल माणसं बऱ्याचदा उत्तम ऐकतात. फक्त चारचौघांत चार वाक्यं बोलायची सवय आतापासून लावा.

पुढच्या अंकात पॉलिटेक्निक की ज्युनियर कॉलेज, या घरोघरीच्या वादाकडे वळू. आपले अनुभव जरूर कळवा.