मोटारीतला वाटाड्या : बसवलेला की खिशातला?

घरात नवी मोटार घेण्याची बोलणी सुरू झाली की अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. समोर नकाशा दाखवणारा पडदा कारखान्यातूनच बसवून येतो तो महागडा प्रकार घ्यावा, की साधा प्रकार घेऊन मोबाईललाच काचेजवळ अडकवावे आणि वाटाड्याचे काम सांगावे? पैसे वडीलधारी मंडळी देणार हे खरे. पण प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, आणि नववी-दहावीच्या गणिताने त्याचा बराचसा निकाल लागतो. माझे मत आधीच सांगून टाकतो : परभणीसारख्या जिल्ह्यातल्या कुटुंबाने केवळ नकाशासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. का, ते पाहू.

ही दोन घराणी जुनीच आहेत. १९८१ साली जपानमध्ये होंडा कंपनीने मोटारीत बसवलेले एक दिशादर्शक यंत्र विक्रीला आणले. त्याचा उपग्रहांशी काहीही संबंध नव्हता. गाडी किती वळली हे वायूवर चालणाऱ्या घूर्णदर्शकाने (जायरोस्कोपने) मोजायचे, किती धावली हे चाकांवरून, आणि चालकाने पारदर्शक नकाशा पडद्यावर हाताने ठेवायचा! १९८५ साली अमेरिकेत ‘ईटॅक’ हे यंत्र निघाले. ते कोणत्याही मोटारीत नंतर बसवून घेता येई आणि त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर असत. उपग्रहांच्या आधाराने चालणारे यंत्र मोटारीत कारखान्यातूनच बसवून आले ते १९९० साली, तेही जपानमध्येच. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे नागरी संदेश तेव्हा मुद्दाम बिघडवलेले असत, त्यामुळे जागा शंभरेक मीटरांनी चुके. मे २००० मध्ये ही अडवणूक बंद झाली, आणि मग खिशातल्या यंत्रांना बरे दिवस आले.

आता मुख्य गोष्ट. महागडे यंत्र आपली जागा अधिक अचूक सांगत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पण दोन्ही यंत्रे ऐकतात तेच उपग्रह. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून निघालेला रेडिओसंदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात आपल्यापर्यंत पोचतो. तो केव्हा निघाला आणि केव्हा पोचला यातील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. घड्याळात एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरांनी चुकते. आपल्या यंत्रातील घड्याळ स्वस्तातले असल्याने त्याची चूक हीच चौथी अज्ञात राशी धरावी लागते. म्हणून तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. हे समीकरण पाच हजारांच्या फोनमध्ये जसे सुटते, तसेच वीस लाखांच्या मोटारीत सुटते. भारताच्या ‘नाविक’ मालिकेतील उपग्रहांचे संदेश (यातला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला) यंत्राला ऐकू येतात की नाही, हेही आतल्या चिपवर ठरते, ती चिप कुठे बसवली आहे यावर नव्हे. मोटारीच्या टपावर अँटेना असेल तर तिला आकाश अधिक मोकळे दिसते, एवढे खरे.

बसवलेल्या यंत्राचा खरा वरचष्मा दिसतो तो बोगद्यात. परभणीहून मुंबईला निघालेली गाडी जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढली, तर इगतपुरीजवळ तिला सुमारे ७.८ किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. महामार्गाचा हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. डोंगराच्या पोटात उपग्रहांचे संदेश पोचत नाहीत. हिशेब सोपा व्हावा म्हणून गाडीचा वेग ताशी ७८ किलोमीटर धरा. म्हणजे बोगद्यात बरोबर ६ मिनिटे, ३६० सेकंद. एवढा वेळ मोबाईलने केवळ आपल्या त्वरणमापकावर भिस्त ठेवली तर काय होईल? फोन अंशाच्या आठव्या भागाइतका जरी कलला, तरी गुरुत्वाकर्षणाचा अंश त्वरणात मिसळून दर सेकंदास सेकंदाला सुमारे ०.०२ मीटरची चूक येते. तुमच्या पुस्तकातले सूत्र घ्या : अंतर बरोबर निम्मे त्वरण गुणिले काळाचा वर्ग. ०.०१ गुणिले १,२९,६०० म्हणजे जवळजवळ १,३०० मीटर! म्हणूनच काही फोन त्या भानगडीत न पडता बोगद्यापूर्वीचा वेग कायम धरून खूण पुढे सरकवत राहतात.

मोटारीत बसवलेले यंत्र चाकाचे फेरे मोजू शकते. समजा, ३० सेंटिमीटर त्रिज्येचे टायर झिजून ५ मिलिमीटरने कमी झाले आणि यंत्राला त्याचा पत्ताच नाही. चूक साठात एक, म्हणजे बोगद्याच्या शेवटी १३० मीटर. फोनच्या चुकीच्या दहावा हिस्सा. शिवाय चांगले यंत्र उघड्या रस्त्यावर उपग्रहांशी ताळा पाहून चाकाचे माप आधीच दुरुस्त करून ठेवते. या बाबतीत बसवलेला वाटाड्या जिंकला, हे मोकळेपणाने मान्य करू. मात्र जिंतूरची टेकाडे सोडली तर आपला जिल्हा सपाट, आणि असला बोगदा एकही नाही.

आता नकाशाकडे वळू. जागा सांगणे हे भौतिकशास्त्राचे काम. त्या जागी रस्ता आहे की नाही, हे सांगणे माणसाचे. मोटार पंधरा वर्षे टिकते, रस्ते तेवढे थांबत नाहीत. बसवलेल्या यंत्रांपैकी काही स्वतःच्या सिमकार्डावरून नकाशा ताजा करतात, पण त्याची मुदत संपली की वर्गणी भरावी लागू शकते. काहींना पेनड्राइव्ह किंवा कार्ड लागते, आणि ते घेऊन सर्व्हिस सेंटरला कोण जातो? फोनमधला नकाशा तुम्ही झोपेत असताना बदलतो. (जुनी यंत्रे दिवससुद्धा विसरतात. जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याच्या क्रमांकाला दहाच बिटांची जागा आहे, म्हणून १,०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले, तेव्हा दुरुस्ती न केलेली काही उपकरणे जवळजवळ वीस वर्षे मागे गेली.)

पण ताजा नकाशा म्हणजे खरा नकाशा नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात मोबाईलच्या नकाशाप्रमाणे रात्री निघालेली एक मोटार कोतूळजवळ पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अपुऱ्या पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. या दोन्ही ठिकाणी उपग्रहांचे गणित चुकले नव्हते. गाडी होती तिथेच दाखवली जात होती. ज्या पुलावरून जाऊ नये, हे गावाला ठाऊक होते, ते नकाशाला ठाऊक नव्हते. असे पूल आपल्याकडे थोडे आहेत काय? पूर्णा, दुधना आणि गोदावरीला मिळणारे ओढे पावसाळ्यात किती गावांचा रस्ता तोडतात, हे पालम, सोनपेठ, गंगाखेडच्या मुलांना मी सांगायला नको. काळ्या मातीतला जो गाडीरस्ता मे महिन्यात सिमेंटसारखा कडक असतो, तो जुलैत चाक गिळतो. नकाशावर रेघ मात्र बाराही महिने एकसारखीच.

मोबाईलचे तोटेही सांगायला हवेत. जागा शोधायला नेट लागत नाही, नकाशा आणायला लागते; तेव्हा निघण्यापूर्वी जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवावा. नेट नसेल तर फोनला उपग्रहाच्या कक्षेचा तपशील उपग्रहाकडूनच घ्यावा लागतो. तो सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने येतो, म्हणून पहिली जागा मिळायला अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ जातो. तेवढा धीर धरावा. उन्हाळ्यात काचेमागे ठेवलेला फोन तापून मंद पडतो किंवा बंद होतो. आपल्या मे महिन्यातली दुपार त्याला मानवत नाही, त्याला हवेच्या झरोक्यापुढे बसवावे. आणि तो हातात धरून कोणी चालवत असेल, तर मागे बसलेल्या तुम्ही बोलायला कचरू नका. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर पडद्यावर गेली, तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. आता पुष्कळ साध्या मोटारींतही फोनचा नकाशा मोटारीच्या पडद्यावर पाहता येतो; तशी सोय मिळाली तर उत्तम.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा कोणालाही पाहता आणि दुरुस्त करता येतो. आठवी-नववीच्या मुलांनी भूगोलाच्या तासाला गावचे रस्ते पायी फिरून त्यात भरावेत. पूल कमी उंचीचा असेल, पाणी चढत असेल, तर तीही नोंद करण्याची सोय तिथे आहे. दुसऱ्या नकाशावरून उतरवून घेऊ नये, तो मालकीचा असतो. स्वतः चाललेला रस्ताच लिहावा. आणि पुलाची नोंद करण्यापूर्वी काठावरच्या दोन-तीन शेतकऱ्यांना विचारावे, की पाणी कोणत्या महिन्यात चढते, किती तास राहते आणि तेव्हा ते स्वतः कोणत्या वाटेने जातात.