कार्ड दोन राज्यांची, गोळ्यांचं बिल मात्र खिशातूनच

बेळगाव/निपाणी : सीमाभागात आरोग्याचा विषय निघाला की चर्चा ‘योजना कुणाची’ इथंच अडकते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांसाठी खुली केली. कर्नाटकाने त्याला हरकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये अर्ज भरून घेणाऱ्या केंद्रांवरून बेळगावात वाद पेटला. कर्नाटकाची स्वतःची ‘आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक’ योजना आहेच. तिच्यात बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात.

दोन्ही बाजूंच्या या भांडणात एक साधी गोष्ट मागे पडते. या योजना आहेत दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी. ऑपरेशन, भरती, डिस्चार्जनंतरची थोड्या दिवसांची औषधं, इथं त्यांची हद्द संपते. खासगी मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच. पण निपाणीतल्या विडी कामगार बाईच्या किंवा खानापूरच्या शेतकऱ्याच्या घरातून दर महिन्याला पैसा जातो तो बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांवर. हे बिल कुठलंच कार्ड भरत नाही. म्हणजे या बाबतीत आपण सगळेच विनाविम्याचे गिऱ्हाईक आहोत. मग प्रश्न उरतो तो एकच : खिशातूनच द्यायचे तर कमीत कमी किती?

अनेकांची समजूत असते की कोल्हापुरात औषध स्वस्त मिळतं. छापील किंमत कागलच्या नाक्याअलीकडे आणि पलीकडे सारखीच असते. दुकानदार सूट देतो ती त्याच्या नफ्यातून. खरा फरक पडतो तो कंपनीच्या नावामुळे. एकच घटक असलेली गोळी वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी आणि दरांनी विकतात. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अॅटोरव्हास्टॅटिन ही औषधं अत्यावश्यक यादीत आहेत. त्यांच्यावर केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाची कमाल मर्यादा असते. पण दोन-तीन घटक एकत्र केलेल्या अनेक गोळ्या या यादीबाहेर राहतात. त्यांची किंमत कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

यावर सरकारी उतारा म्हणजे जनऔषधी केंद्रं. २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत औषधं नामांकित ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी स्वस्त असतात, असं केंद्र सरकार सांगतं. मात्र मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने सरकारी रुग्णालयांच्या आवारातील जनऔषधी केंद्रं बंद करण्याचं ठरवलं. सरकारचं म्हणणं असं, की रुग्णालयातच औषध मोफत मिळतं, मग आवारात विकत देणारं दुकान कशाला? केंद्रचालक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले आणि जुलैमध्ये त्यांना अंतरिम स्थगिती मिळाली.

सरकारचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण तो टिकतो कधी? मोफत औषध खिडकीवर रोज शिल्लक असेल तेव्हाच. शिवाय खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला सरकारी खिडकीचा उपयोग नाही, त्याला आधी ओपीडीच्या रांगेत उभं राहावं लागतं. अशा माणसाला आवारातलं केंद्र हाच मधला मार्ग होता. मोफत द्यायचं तर जरूर द्या, पण साठा पुरेल याची खात्री झाल्याशिवाय स्वस्त दुकान हलवणं म्हणजे गरिबाला परत महाग मेडिकलकडे पाठवणं.

दुसरी अडचण चिठ्ठीची. डॉक्टरने ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर ‘शेड्यूल एच’मधलं औषध बदलून देण्याची दुकानदाराला कायद्याने मुभा नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. त्यामुळे ‘डॉक्टर, घटकाचं नाव लिहून द्या’ हे म्हणायचं काम शेवटी पेशंटवरच येतं. संकोच करू नका, विचारा. फक्त थायरॉईड, फिट्स आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नका, तिथं डोसमधला बारीक फरकही महागात पडतो.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे पूर्वी करासह ११२ रुपयांना असलेलं औषध १०५ ला मिळायला हवं. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी दर नवाच लागतो. दुसरं, ‘फार्मा सही दाम’ आणि ‘जनऔषधी सुगम’ ही सरकारी अॅप मोबाईलवर ठेवा, दर आणि जवळचं केंद्र लगेच दिसतं. तिसरं, पक्कं बिल घ्या. घरात साठीच्या पुढचे आई-वडील असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करप्रणालीत ५० हजारांपर्यंतच्या औषधोपचाराची वजावट मिळते. अट एकच, पैसे रोख न देता यूपीआय, कार्ड किंवा चेकने दिलेले हवेत.

सीमाप्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागेल तेव्हा लागेल. तोवर मुंबईकडे आणि बेंगळूरकडे एकच मागणी करता येते : दाखल झाल्यावरचे लाख सांगा, पण रोजच्या गोळीचंही बघा. बीपीची गोळी परवडली नाही म्हणून सुटली, तर तोच माणूस उद्या लकवा होऊन दवाखान्यात दाखल होतो. मग त्याच्यासाठी कुठल्या राज्याचं कार्ड चालणार, यावर पुन्हा भांडण. त्यापेक्षा महिन्याची गोळी स्वस्तात मिळणं दोन्ही तिजोऱ्यांना परवडेल.