पत्ता कुठला द्यायचा?

मंडळी, यंदा आम्ही दोघांनी अल हैलच्या घरूनच संगणक-सल्ल्याचा धंदा काढायचं ठरवलं आणि गाडी पत्त्यावर अडली. इथं टपाल घरोघर वाटत नाहीत, पोस्टात पेटी भाड्यानं घ्यायची. कार्डावर पेटीचा नंबर, खाली सीबचा 121, झालं काम, असं वाटलं. पण पेटी म्हणजे काही जागा नव्हे! नोंदणीला जागेचा भाडेकरार लागतो, नि आमचा करार निव्वळ राहण्याचा. शिवाय ऐन दुपारी मुलं झोपलेली असताना गिऱ्हाईक घंटा वाजवणार. 'कुणाला कळतंय?' असंही एकानं सुचवलं. व्हिसाच गेला तर? शेवटी रुवीत लहानशी खोली घेतली. भाडं जड जातंय हो! कार्डावर आता खोलीचा पत्ता आणि पेटीचा नंबर, दोन्ही छापलेत. काम मात्र अजून जेवणाच्या टेबलावरच.