निजामी दफ्तर आणि आजींची जबानी

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांतून कुणबी नोंदी हुडकण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून या मुलखात जुन्या दफ्तरांना जो भाव आला आहे तो ती लिहिली गेली त्या काळीही त्यांना आला नसेल. ज्या रुमालांच्या गाठी वर्षानुवर्षे कोणी सोडल्या नव्हत्या ते बाहेर निघाले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांना बोलावणी गेली, एकेका ओळीवर भिंग धरले गेले. या नोंदींमागील मराठा आरक्षणाच्या मागणीच्या युक्तायुक्ततेत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच की, ज्या कालखंडाचा चिटोरा न चिटोरा आपण इतक्या आस्थेने धुंडाळीत आहो, त्या कालखंडात डोळे उघडे ठेवून वावरलेली थोडी माणसे पैठणच्या गल्ल्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून अद्याप हयात आहेत. त्यांत पुष्कळशा स्त्रिया आहेत. आणि त्यांची जबानी घ्यावी असे मात्र फारसे कोणाच्या मनात येत नाही.

1936 च्या सुमारास पैठणात जन्मलेल्या एखाद्या स्त्रीचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. ती जन्मली तेव्हा हैदराबादच्या गादीवर निजाम मीर उस्मान अली खान होते, कचेरीची भाषा उर्दू होती, आणि बाजारात हाली शिक्का चालत असे, ज्याचे सात रुपये मोजले म्हणजे इंग्रजी सहा हाती पडत. ती बारा वर्षांची झाली तेव्हा, 13 सप्टेंबर 1948 रोजी, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि चार दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली. 1 नोव्हेंबर 1956 ला ती मुंबई राज्याची रहिवासी ठरली, 1 मे 1960 ला महाराष्ट्राची झाली, आणि अगदी अलीकडे तिच्या जिल्ह्याचे नावही पालटले. इतक्या राजवटींतून ती गेली. गाव मात्र तिने कायमचे सोडले नाही.

अशा एका आजींशी मी बोलत होतो. पैठणला गोदावरी ओलांडली की शेवगावकडचा तेव्हाचा नगर जिल्हा लागे, म्हणजे आधी इंग्रजांचा आणि 1947 नंतर स्वतंत्र भारताचा मुलूख. मध्ये निजामाचे करोडगिरीचे नाके. कासिम रझवीच्या रझाकारांची धास्ती वाढली तेव्हा सरहद्दीलगतच्या पुष्कळ कुटुंबांनी बायकामुलांना पलीकडे धाडले, हे इतिहासाच्या पुस्तकात कोठेही वाचावयास मिळते. आजींनी सांगितले ते पुस्तकात मिळणार नाही. निघण्याच्या घाईत त्यांच्या आईने जात्याचा खुंटा उपटून गाठोड्यात घातला. जाते उचलून नेणे शक्य नव्हते, परंतु आपल्या माघारी परक्याने त्यावर दळू नये, एवढी व्यवस्था तिला करावयाची होती. आणि पलीकडच्या तीरावर पोचल्यावर तिने पहिली चौकशी केली ती राजकारणाची नव्हे. विरजण लावून ठेवलेल्या दुधावर झाकण घातले की नाही, याची केली.

सतरा सप्टेंबरला आपण ध्वजारोहण करतो, स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचे स्मरण करतो, आणि ते सर्वथा उचितच आहे. परंतु त्या तारखेनंतरच्या आठवड्यांत काय घडले याची आठवण गावातील दुसऱ्या आळीत, मोमीन आणि इतर मुसलमान घरांतल्या आजींपाशी आहे, आणि ती ध्वजारोहणाच्या भाषणात बसत नाही. भारतीय फौजांच्या त्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या अखेरीस केली, पण तिचा अहवाल कित्येक दशके सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडला नाही. एका गावातील दोन आळ्यांची भीती एकाच वहीत लिहिली गेली तर कोणाचाही मुक्तिसंग्राम उणा होणार नाही, असे माझे मत आहे. ते सर्वांना रुचेल अशी अपेक्षा नाही.

याच रीतीने राजवटींच्या उलथापालथीतून गेलेल्या स्त्रिया तैवानच्या बेटावरही आहेत. 1895 पासून 1945 पर्यंत ते बेट जपानच्या अमलाखाली होते, त्यामुळे तेथील नव्वदीतल्या ज्या आजी शाळेत गेल्या त्यांनी पहिली अक्षरे गिरवली ती जपानी. मग चीनमधील राष्ट्रवादी पक्षाचे सरकार आले आणि कारभार मंदारिन भाषेत सुरू झाला. 28 फेब्रुवारी 1947 नंतरच्या हत्याकांडाविषयी आणि 1949 पासून 1987 पर्यंत चाललेल्या लष्करी कायद्याच्या काळाविषयी त्यांनी तोंड मिटून घेतले. ते उघडले गेले तेव्हा मात्र तेथील अकादेमिया सिनिकासारख्या संस्थेने वृद्धांच्या तोंडच्या हकीगतींचे ग्रंथच्या ग्रंथ काढले, आणि 1995 साली राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

आमच्याकडे तोंड उघडण्यास कोणाची मनाई नाही, विचारणाराच नाही. आणि दफ्तराने ही उणीव भरून काढावी म्हटले तर दफ्तरात स्त्री सापडणे दुर्घट. लग्नात तिचे आडनाव तर जातेच, पण आपल्याकडच्या रूढीने पुष्कळदा पाळण्यातले नावही जाते. मग माहेरच्या कागदातली मुलगी आणि सासरच्या कागदातली सून एकच, हे सांगणारा पुरावा तिच्या स्वतःच्या स्मरणावाचून दुसरा उरत नाही. 1954 च्या खासरा पाहणी पत्रकात खातेदार म्हणून बहुधा पुरुषच आढळतो. जायकवाडी धरणाची कोनशिला 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसविली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, आणि सत्तावीस दरवाजांमागे अडलेल्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील कितीतरी गावठाणे गेली. मोबदला खातेदाराच्या नावे निघाला. विहीर, उखळ, तुळशीवृंदावन, बाळंतपणाची खोली कोठे होती हे जिला ठाऊक, तिचे नाव त्या यादीत शोधूनही सापडावयाचे नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेल्या बायांचे अंगठे तेवढे हजेरीपत्रकावर उमटले, आणि ती हजेरीपत्रके तरी कोणी जपून ठेवली?

आठवण भरवशाची नसते, ती काळाने रंग बदलते, असा आक्षेप विद्वान मंडळी घेतील. तो खोटा नाही. परंतु दफ्तरही चावडीवर बसून भरलेले असे, शेतात न जाता पाहणी लिहिणारे पटवारी काही कल्पनेतले नव्हेत, आणि त्या लिखाणावर आज आपण पिढ्यांचे भवितव्य ठरवीत आहो. आजींना इसवी सन सांगता येणार नाही. पण रझाकाराचे साल, दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीचे साल, गाव उठले ते साल, या खुणांवर त्या अशा अचूक चालतात की हुशार विद्यार्थ्याने कॅलेंडर शेजारी ठेवले तर सांधा बसण्यास अडचण पडू नये.

हे काम अशक्यही नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या असेच घरोघर जाऊन. पैठणला तर हे नवलाचेही वाटू नये. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत, आणि पैठणच्याच संत एकनाथांनी आपल्या भारुडांत स्त्रीला बोलते केले आहे. गावात प्रतिष्ठान महाविद्यालय आहे. बाळासाहेब पाटील यांनी जन्मभर वेचलेल्या मृण्मूर्ती आणि नाणी सांभाळणारे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. महाविद्यालयाने मुलेमुली द्यावीत, संग्रहालयाने एक कपाट द्यावे. फोन तर प्रत्येक मुलाच्या खिशात आहेच. हिंदीउर्दू सफाईने बोलणारी एखादी मुलगी त्या चमूत अवश्य असावी. जबानीच्या शिरोभागी दोन्ही नावे लिहावीत, माहेरचे आणि सासरचे. आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी घरातील कर्त्या मुलास चहा सांगावयाच्या निमित्ताने बाहेर धाडावे, कारण तो बसला असेपर्यंत आईला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोच देत राहील.