क्वार्टरशेजारची वीस रुपयांची बाटली

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई



सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तरुण मुलांबद्दल हे पत्र आहे. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळून पिण्याची सवय आमच्याकडे आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. रानातलं रस्सा मंडळ असो, हळदीची रात्र असो की गावची जत्रा, क्वार्टरच्या शेजारी वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली ठेवलेली असते. पाणी फुकट मिळतं, तरी पोरं ही बाटली घेतात, कारण ‘यानं पेंग येत नाही’. त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि माझी काळजी नेमकी त्याच गोष्टीची आहे.

दमलेल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होतात. दारूनं हा परिणाम वाढतो. ॲडेनोसिन मेंदूत जिथे चिकटतं ती जागा कॅफिन अडवून बसतं, म्हणून झोप उडते. पण दारू नुसती झोप आणत नाही. समोरचा ट्रक किती लांब आहे याचा अंदाज, हातापायांचा ताळमेळ, ‘हे करू नये’ असं वेळेवर सुचणं, या सगळ्यावर तिचं काम चालू असतं. ते कॅफिन थांबवत नाही. यकृतही आपल्याच गतीनं दारू निकालात काढतं, कॅफिननं त्याला घाई होत नाही. म्हणजे माणूस नशेत तितकाच असतो, फक्त जागा असतो. एरवी जो ओसरीवर आडवा झाला असता, तो गाडीची किल्ली शोधू लागतो.

ब्राझीलमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं. दारूबरोबर एनर्जी ड्रिंक घेतलेल्या तरुणांना आपलं डोकं कमी दुखतंय, हातपाय ठीक चालताहेत असं वाटत होतं. प्रत्यक्ष चाचणीत मात्र त्यांच्या हालचाली सुधारल्या नव्हत्या आणि श्वासातली दारूही कमी झाली नव्हती. 2008 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या दहा विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. नुसती दारू पिणाऱ्यांपेक्षा मिसळून पिणाऱ्यांमध्ये जखमी होण्याचं आणि प्यालेल्या चालकाच्या गाडीत बसण्याचं प्रमाण साधारण दुपटीच्या घरात होतं.

या संशोधनावर आक्षेपही आहेत, आणि ते मी लपवणार नाही. काही संशोधक म्हणतात, जी मुलं मुळातच धाडसी असतात तीच असं मिसळून पितात, दोष पेयाचा नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही 2015 साली सांगितलं, की 200 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिननं नशेची जाणीव झाकली जाण्याची शक्यता कमी आहे. पण त्यांनी हे दारूच्या एका मर्यादेपर्यंतच म्हटलं आहे: शरीराच्या दर किलोमागे सुमारे 0.65 ग्रॅम. साठ किलोच्या पोरासाठी ते 39 ग्रॅम झाले. 42.8 टक्क्यांच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. आमच्याकडची पहिली क्वार्टरच ती मर्यादा ओलांडून जाते, तेव्हा युरोपचा तो दिलासा आम्हाला लागू होत नाही. आणि मुलगा मुळातच धाडसी असेल, तर त्याच्या हातात जागं ठेवणारी बाटली देणं अधिकच धोक्याचं नाही का?

आमचा मुलूख कसा आहे तेही पाहा. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही जिल्ह्यांतून जातो. साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की खंबाटकीचा बोगदा संपताच उतारावरचं ते इंग्रजी एस आकाराचं वळण येतं. तिथल्या अपघातांच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतो आहोत. गाळप हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टरही नसतो. पावसाळ्यात ठोसेघर, सडावाघापूर, कास इथं कड्याच्या टोकापर्यंत पोरं जातात. उन्हाळ्यात कृष्णेच्या डोहात उड्या पडतात. अशा ठिकाणी शुद्धीवर असलेल्या माणसाचाही अंदाज चुकतो. कायद्यानं चालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही. पोलिसांचं यंत्र ते मोजतं. पण त्या चालकाला आपण ठणठणीत आहोत असं का वाटत होतं, ते मोजत नाही.

आता आपल्या अखत्यारीतलं. नियमानुसार कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत 75 मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाला 500 मिलिलिटरपेक्षा जास्त पिऊ नये, मुलांनी आणि गरोदर स्त्रियांनी टाळावं, हे बाटलीवर बारीक अक्षरात असतं. त्या सक्तीच्या सूचनांत दारूचा उल्लेख नाही. कॅनडात ‘दारूत मिसळू नका’ हे डब्यावर छापावंच लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर 2010 मध्ये कॅफिन घातलेली मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रं दिली. ‘फोर लोको’ हे त्यांतलं गाजलेलं नाव. आपल्याच केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2015 साली काही एनर्जी ड्रिंकची परवानगी काढून घेतली, कारण त्यांत कॅफिन आणि जिनसेंग हे उलट परिणामाचे पदार्थ एकत्र होते. मग कॅफिन आणि दारू एकत्र येतात तेव्हा निदान एक ओळ छापायला काय हरकत आहे?

दारूविरुद्ध या भागात लोक गप्प बसलेले नाहीत. उभी बाटली की आडवी बाटली यावर मत देऊन बायकांनी गावची दुकानं बंद केली आहेत. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाचं काम सगळ्यांना माहीत आहे. पण दारूचं दुकान आडवं करणाऱ्या गावातही एनर्जी ड्रिंकची बाटली किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये थंडपेय म्हणून उभीच राहते. दारूच्या वयाला कायदा आहे, बिअरला 21 आणि कडक मद्याला 25. या बाटलीला कोणी वय विचारत नाही.

जुलै 2024 मध्ये तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं, की शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकू दिली जाणार नाहीत. त्या शब्दाची दोन्ही जिल्ह्यांत किती अंमलबजावणी झाली, हे आपल्या कार्यालयानं जाहीर करावं. ‘दारूत मिसळू नका’ ही ओळ मराठीत, ठळक अक्षरात बाटलीवर सक्तीची व्हावी, अशी शिफारस दिल्लीला पाठवावी. त्याची वाट न पाहता राज्य उत्पादन शुल्क विभागाशी बोलून परमिट रूम आणि बिअर शॉपीच्या काउंटरवर तसा फलक लावायला सांगावं आणि दारूबरोबर एनर्जी ड्रिंक देणं बंद करावं. कराड, सातारा, सांगली, मिरज इथल्या रुग्णालयांत अपघाताचा प्यालेला रुग्ण आला, तर दारूबरोबर आणखी काय घेतलं होतं हा एक प्रश्न विचारून त्याची नोंद व्हावी, म्हणून आरोग्य विभागाला पत्र लिहावं.

यातल्या फलकाला आणि पत्राला नवा कायदा लागत नाही. येत्या 31 डिसेंबरच्या आत ती दोन कामं करा, ही विनंती.

आपला,
कराडचा एक पालक